पिवळं पडलेलं प्लास्टिक आणि 'मूळ' रंगाचा प्रश्न

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आता भंगाराच्या धंद्यात पडले. अजून तरी तसं झालेलं नाही. पण गेलं वर्षभर आमच्या घरात एका जुन्या संगणकावरून जो विचार सुरू झाला, तो भंगाराच्या दुकानापाशी थांबला नाही. तो थेट न्याय-वैशेषिकांच्या वादापर्यंत जाऊन पोचला. तोच आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

जुने संगणक, जुने व्हिडिओ गेमचे खोके ही आता जगभर हौसेनं जपली जाणारी वस्तू आहे. कमोडोर, अमिगा, अटारी, जुने मॅकिन्टॉश, सुपर निन्टेंडो, ड्रीमकास्ट. या सगळ्यांचं एक समान दुखणं म्हणजे त्यांचं करडं, पांढरं किंवा फिकट बदामी प्लास्टिक कालांतरानं पिवळं पडतं. काहींचं तर जुन्या हस्तिदंतासारखं, काहींचं चहाच्या डागासारखं. आणि हे पिवळेपण घालवण्याची एक विद्या गेल्या पंधरा-सतरा वर्षांत तयार झाली आहे. तिला 'रेट्रोब्राइट' म्हणतात. आज आम्ही टीका करणार आहोत ती या विद्येवर. टीका म्हणजे निंदा नव्हे, हे आपल्या नेहमीच्या श्रोत्यांना सांगायला नको. एखादी कृती स्वतःबद्दल काय दावा करते, आणि प्रत्यक्षात काय करते, यातलं अंतर मोजणं म्हणजे टीका.

आधी रोग समजून घेऊ. या खोक्यांचं प्लास्टिक बहुतेक वेळा एबीएस जातीचं असतं. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाईन आणि स्टायरीन या तिघांचं ते अपत्य. यातलं ब्युटाडाईन हे रबरासारखं. त्याच्यामुळे खोकं पडलं तरी चटकन फुटत नाही. पण त्याच्या रेणूसाखळीत दुहेरी बंध असतात, आणि तिथेच खोट आहे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या बंधांवर हल्ला करतात. त्यातून जे नवे रेणुगट तयार होतात ते निळा प्रकाश शोषून घेतात. निळा वजा झाला की डोळ्याला उरतो तो पिवळा. म्हणजे हा पिवळा रंग बाहेरून येऊन बसलेला नाही. तो त्या प्लास्टिकचाच झालेला आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आग लागू नये म्हणून या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त द्रव्यं मिसळत असत. बरीच वर्षं सगळा दोष त्यांच्याच माथी मारला गेला. आता ते स्पष्टीकरण अपुरं मानलं जातं. पण नुसत्या उन्हाला दोष देऊनही भागत नाही, हे सुपर निन्टेंडो दाखवतो. अमेरिकेत 1991 साली आलेला हा करडा खोका. याचे कित्येक नमुने असे सापडतात, की वरचं झाकण पिवळं आणि खालचा तळ जसाच्या तसा करडा. एकच घर, एकच खिडकी, एकाच मुलाचे हात, आणि दोन भागांचं नशीब वेगळं. कारण ते दोन भाग वेगळ्या घाण्यातल्या प्लास्टिकचे. एका घरात वाढलेल्या दोन भावांपैकी एकाचेच केस लवकर पिकावेत, तसंच हे.

आता उपचार. 2008 च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींच्या ध्यानात आलं, की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांनी हा पिवळेपणा उतरतो. मग पाककृती ठरत गेली. पेरॉक्साइड, त्यात कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर चिमूटभर, घट्टपणासाठी झँथन गम किंवा आरारूट, आणि सुकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन. पुढे लोकांना सोपी वाट सापडली. केस रंगवणाऱ्यांकडे जे बारा टक्क्यांचं डेव्हलपर क्रीम असतं, तेच चोपडायचं, वरून पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. मधूनमधून फिरवायचं, क्रीम पुन्हा सारखं करायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण हे द्रव्य कातडी भाजतं आणि डोळ्याला तर फारच घातक. काही तासांत खोकं उजळतं. ऊन नसेल तर कोमट द्रावणात बुडवून ठेवणारेही आहेत. उष्णतेनंही काम होतं.

हे बघायला मोठं समाधानाचं असतं, यात शंका नाही. त्याच्या चित्रफिती लाखो लोक बघतात. या चित्रफितींचा एक ठरलेला घाट आहे. पहिल्यांदा पिवळं खोकं, शक्यतो मंद उजेडात. मग धुणं, चोपडणं, वाट बघणं. शेवटी भरपूर उजेडात शुभ्र खोकं, आणि शेजारी आधीचं चित्र. आम्हाला या घाटाबद्दल पहिली शंका आहे. 'आधी' आणि 'नंतर' अशी दोनच चित्रं दाखवली, की मधली तीस-पस्तीस वर्षं आपोआप एक चूक ठरतात. जणू त्या खोक्याच्या आयुष्यात काही झालंच नाही, नुसतं पिवळं पडणं झालं. आणि तिसरं चित्र, म्हणजे चार-पाच वर्षांनंतरचं, ते क्वचितच दाखवलं जातं. कारण कित्येक खोकी पुन्हा पिवळी पडतात, काही तर अंधाऱ्या कपाटात ठेवूनसुद्धा. रंग देणारे रेणुगट पेरॉक्साइडनं मोडले, पण प्लास्टिकची मुळातली झीज भरून निघाली नाही. तुटलेल्या साखळ्या जोडल्या गेल्या नाहीत. ठिसूळपणा तसाच राहिला. शिवाय क्रीम असमान बसलं तर पांढरट पट्टे, संगमरवरासारखी चिरमुटं उठतात, आणि ती मात्र जन्माची राहतात.

आता दाव्यांकडे येऊ. ही मंडळी तीन शब्द वापरतात. आम्ही ते एकेक घेतो.

पहिला शब्द 'स्वच्छ'. खोकं स्वच्छ केलं, असं म्हणतात. आता धूळ, हाताचा मळ, सिगारेटच्या धुराचा थर, हे सगळं वस्तूवर बसलेलं असतं. ते साबणाच्या पाण्यानं निघतं आणि जरूर काढावं. पण पिवळेपणा वस्तूवर बसलेला नसतो, तो वस्तूत झालेला असतो, हे आपण आत्ताच पाहिलं. मळ काढणं आणि वय काढणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसरीला पहिलीचं नाव दिलं, की तिच्याबद्दल प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. घाण काढायला कोण कशाला हरकत घेईल?

दुसरा शब्द 'मूळ'. खोकं मूळ रूपात आणलं. इथे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञ व्हियोले-ल-द्युक यांची आठवण होते. त्यांनी मोकळेपणानं मांडलं होतं, की जीर्णोद्धार म्हणजे इमारतीला अशा पूर्णावस्थेत आणणं, जी कदाचित आधी कधीच अस्तित्वात नव्हती. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, पण निदान ते प्रामाणिक होते. आपल्या खोक्यांचं तेच होतं. पेरॉक्साइडनं आलेला रंग हा कारखान्यातून निघालेला रंग असेलच असं नाही. कधी तो त्याहूनही फिका असतो. आणि 'मूळ' म्हणजे कुणाच्या दृष्टीनं मूळ? कारखान्याच्या, की ज्यानं वीस वर्षं त्याच्यापुढे बसून काम केलं त्याच्या?

हा प्रश्न फक्त प्लास्टिकचा नाही. 2022 साली वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढण्यात आला आणि आतलं रूप दिसलं. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी जिला हात जोडले ते शेंदराखालचं रूप नव्हतं, शेंदरासकटचं होतं. आतलं जास्त जुनं, हे खरं. पण जास्त जुनं म्हणजेच जास्त खरं, असं म्हणायला वेगळं प्रमाण लागतं. ते कुणी दिलेलं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

तिसरा शब्द 'जतन'. इथे वस्तुसंग्रहालयाच्या क्षेत्रातलं एक साधं तत्त्व आहे. जी क्रिया परत फिरवता येत नाही, ती नुसत्या दिसण्यासाठी करू नये. रेट्रोब्राइट परत फिरवता येत नाही. इटलीचे चेझारे ब्रांदी यांनी 1963 मध्ये जीर्णोद्धाराचा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते वस्तूची दोन मागणी असतात. एक सौंदर्याची, दुसरी इतिहासाची. वस्तूचं एकसंध रूप पुन्हा उभं राहावं ही पहिली. पण काळातून झालेल्या तिच्या प्रवासाची खूण पुसली जाऊ नये ही दुसरी. चांगला जीर्णोद्धार दोघींचंही ऐकतो. आमच्या मते रेट्रोब्राइट एकीचंच ऐकतो.

पण थांबा. इथे टाळी वाजवू नका, कारण विरुद्ध बाजूही बळकट आहे.

तांब्या-पितळेवर, कांस्यावर चढलेली झाक आपल्याला आवडते. जुन्या पुस्तकाचं पिवळं पान आपण प्रेमानं हुंगतो. मग प्लास्टिकच्या पिवळेपणाचीच किळस का? ऑस्ट्रियाचे कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी 1903 मध्ये दाखवलं, की माणसाला जुन्या वस्तूत 'वयाचं मूल्य' दिसतं, पण नव्या वापराच्या वस्तूत त्याला 'नवेपणाचं मूल्य' हवं असतं, आणि ही दोन मूल्यं भांडतात. प्लास्टिकचं दुर्दैव असं, की त्याला आपण वय होण्याची परवानगीच दिली नाही. ते आलं तेच मुळी 'कधी न बिघडणारं' म्हणून. म्हणून त्याचं म्हातारपण आपल्याला फसवणूक वाटते. पण याला हेही उत्तर आहे, की कांस्याची झाक शिल्पकाराला ठाऊक असते, तो ती धरून चालतो. मॅकिन्टॉशचा रंग ॲपलनं 1987 च्या सुमारास मुद्दाम बदलला, आधीचा बदामी सोडून करडा घेतला, त्याला 'प्लॅटिनम' नाव दिलं. तो ठरवून केलेला रंग होता. तो पिवळा व्हावा असं कुणाच्या मनात नव्हतं. तेव्हा रंगकर्त्याच्या बाजूनं बोलणारा माणूस म्हणू शकतो, की पिवळेपणा ही इतिहासाची खूण नव्हे, ती मूळ कामावर पडलेली चादर आहे. हा युक्तिवाद आम्ही हलका मानत नाही.

आणि दुसरी गोष्ट. ही हौशी मंडळी नसती तर ही यंत्रं केव्हाच वितळवली गेली असती. यंत्राला खरोखर मारणारे रोग वेगळेच असतात. आतला जुना सेल फुटतो आणि पाटी खाऊन टाकतो. कपॅसिटर गळतात आणि त्यांचा रस तांब्याच्या रेषा कुरतडतो. रात्र रात्र बसून ते बदलणारे हात याच मंडळींचे आहेत. तेव्हा त्यांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसानं आधी हातात सोल्डरची इस्त्री धरून दाखवावी. आम्हाला ती धरता येत नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट. 1991 मध्ये आमचे थोरले बंधू अमेरिकेहून येताना एक मॅकिन्टॉश क्लासिक घेऊन आले. नऊ इंचांचा काळा-पांढरा पडदा, वर हात घालून उचलायला खाच. आमचं मराठीतलं पहिलं पुस्तक त्यावर टाइप झालं, पण ते आम्ही केलं नाही. आमच्या पत्नीनं केलं. दुपारी शाळेतून आली की खिडकीपाशी बसून ती आमचं अक्षर लावायची, आणि एखादं वाक्य कळलं नाही तर सरळ म्हणायची, 'हे तुम्हाला तरी समजलंय का?' तत्त्वज्ञानाच्या लेखकाला याहून चांगला परीक्षक मिळणं कठीण.

बायकांची एक सवय तुम्हाला माहीत आहे. रात्री कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवायची. तिनं एक टिकली या संगणकाच्या चौकटीला चिकटवली होती, पडद्याच्या खाली, डाव्या अंगाला. ती तिथे वर्षानुवर्षं राहिली. पुढे यंत्र बंद पडलं, माळ्यावर गेलं. ती गेली त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

मागच्या वर्षी आमचा नातू, मुलीचा मुलगा, ते खाली घेऊन आला. त्यानं कपॅसिटर बदलले. हार्ड डिस्क मेलेली होती, पण या क्लासिकमध्ये एक गंमत आहे. सुरू करताना चार विशिष्ट कळा एकदम दाबून धरल्या, की ते रॉममध्ये साठवलेल्या प्रणालीवरूनच जागं होतं. ते जागं झालं. आम्ही दोघांनी तेव्हा चहा घेतला, हे अजून आठवतं. मग पुण्याला आपल्या खोलीवर ते घेऊन गेल्यावर त्यानं फोन केला, 'आजोबा, खोकं फार पिवळं झालंय. उजळून देऊ का?' आम्ही म्हटलं, 'दे की.' फोनवर, दुसरं काहीतरी वाचत असताना.

परत आलं तेव्हा फारच सुंदर दिसत होतं. काम त्यानं नीट केलं होतं, एक पट्टा नाही की चिरमूट नाही. आम्ही त्याची पाठ थोपटली. दोन दिवसांनी लक्षात आलं, की आपण डाव्या अंगाला सारखं काहीतरी शोधतो आहोत. टिकली केव्हाच गळून पडली होती, पण तिच्याखाली ऊन पोचलं नव्हतं, म्हणून तिथे एक छोटा करडा गोल राहिला होता. आता सगळंच करडं झालं होतं. गोल त्यात मिसळून गेला.

यातली विचित्र गोष्ट बघा. त्या सबंध यंत्रावर 'मूळ' रंग उरलेली दर्शनी बाजूची एकच जागा होती, ती टिकलीखालची. आणि सबंध यंत्र त्या जागेसारखं केलं, तेव्हाच ती जागा नाहीशी झाली. म्हणजे मूळ रंग ही त्या ठिपक्याची ओळख नव्हतीच. आजूबाजूचा पिवळा रंग, ही त्याची ओळख होती.

इथे आम्हाला आपल्या दर्शनांतला एक जुना वाद नव्यानं कळला. कच्चा घडा काळसर असतो, भट्टीतून निघाला की तांबडा होतो. तेजाच्या संयोगानं रंग बदलतो, याला पाक म्हणतात. प्रश्न असा, की बदल नेमका कुठे होतो? वैशेषिक म्हणतात, परमाणूंत. अग्नीनं घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग पालटतो, आणि त्यातून नवा घडा जुळून येतो. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणतात, छे, संबंध घड्यातच बदल होतो. भट्टीच्या भोकातून बघा, घडा तसाच उभा दिसतो. त्याच्यावर रचलेली भांडी कोसळत नाहीत. आणि बाहेर काढल्यावर आपण म्हणतो, 'हा तोच घडा'. हा पिठरपाकवाद. त्याचा मोठा आधार प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणं.

आयुष्यभर आम्ही हा वाद वर्गात शिकवला, परीक्षेत विचारला. आता तो आमच्या टेबलावर बसला आहे. रसायनशास्त्राला विचाराल तर ते सांगेल, बदल रेणूंच्या पातळीवर झाला, वस्तू सारी शाबूत आहे. खोक्याचे खिळे तेच, खाच तीच, आत कोरलेली अक्षरं तीच. नैयायिकाच्या सगळ्या कसोट्या पुऱ्या होतात, एक सोडून. आम्हाला 'हे तेच' असं म्हणवेना. प्रत्यभिज्ञा अडली.

रीतीप्रमाणे थीसियसचं जहाज इथे काढायला हवं, पण ते फळ्या बदलण्याबद्दल आहे, आणि आमच्या खोक्यात एकही फळी बदललेली नाही. म्हणून ते आज बंदरातच राहू द्या.

नातवाला आम्ही टिकलीचं सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, 'आजोबा, मी धुण्याआधी फोटो काढले होते, त्यात आहे तो गोल. मला वाटलं स्टिकरचा डाग आहे.' त्याचा दोष नाही. डाग कुणाचा, हे डागावर लिहिलेलं नसतं. ते ज्याला ठाऊक असतं त्यानं बोलायचं असतं. ज्याला ठाऊक होतं तो फोनवर 'दे की' म्हणाला.

तेव्हा शेवटी आमचा निवाडा. रेट्रोब्राइट करूच नये, असं आम्ही म्हणत नाही. पट्टा पडलेला, ओळखपाळख नसलेला, भंगारातून आणलेला सुपर निन्टेंडो कुणी उजळला, तर त्यानं कुणाचं काही बुडवलं नाही; उलट दोन भाग एकसारखे दिसले तर रंगकर्त्याचं कामही दिसतं. आमचं म्हणणं एवढंच, की क्रीमची बाटली उघडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा रोग आहे की वय? रोग असेल, म्हणजे गळका सेल, गळके कपॅसिटर, तर विचारत बसू नका, लगेच उपचार करा. वय असेल तर दुसरा प्रश्न, की हे परत फिरवता येईल का? येत नसेल तर तिसरा, की या खुणा कुणाच्या आहेत, आणि ते सांगणारं कुणी अजून हयात आहे का? असेल तर त्याला फोनवर विचारू नका. समोर बसवा, खोकं समोर ठेवा, बोट ठेवून विचारा. आणि काहीही करण्याआधी भर उजेडात छायाचित्रं काढा. हे शेवटचं आम्ही नातवाकडून शिकलो.

आता एक श्रोत्याचा प्रश्न आला आहे, तो घेऊन थांबतो. ते विचारतात, 'पिवळेपणा पुन्हा येतो म्हणालात. मग तुमच्या त्या गोलावर पुन्हा टिकली लावली तर?'

चांगला प्रश्न आहे. आमच्याही मनात येऊन गेला. ठिपका होईल, पण तो आम्ही केलेला होईल. ती टिकली तिनं कुठल्याशा दिवशी कंटाळून, डोळे चोळत, काही विचार न करता लावली होती. ते आम्हाला मुद्दाम करता येणार नाही. खोकं आता खिडकीपाशीच ठेवलं आहे, पडदा न ओढता. पिवळं पडायचं तर पडू दे.

आज इथेच थांबू. पुढच्या व्याख्यानात रीगलचं 'वयाचं मूल्य' सविस्तर घेऊ. नमस्कार.